पूर्वनिर्णय

वरिष्ठ न्यायालयाने एका खटल्यात दिलेला आणि पुढच्या तशाच खटल्यांत कायदा म्हणून पाळला जाणारा निर्णय म्हणजे पूर्वनिर्णय. कायदा विधिमंडळाने करायचा आणि न्यायालयाने तो लावायचा, असे शाळेच्या पुस्तकात असते. पण कलमातून दोन अर्थ निघतात तेव्हा न्यायाधीशाला एक निवडावाच लागतो, आणि अपील ऐकणाऱ्याची ही निवड त्या दोन पक्षकारांपुरती राहत नाही.

राज्यघटनेच्या कलम 141 नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे निर्णय महाराष्ट्र व गोव्यातील कनिष्ठ न्यायालयांना पाळावे लागतात. दोघांच्या खंडपीठाला दुसऱ्या खंडपीठाचे मत पटले नाही, तरी ते मोडता येत नाही. प्रश्न मोठ्या पीठाकडे जातो.

निवाड्यातला प्रत्येक शब्द मात्र बांधत नाही. निकाल ज्यावर उभा आहे तो निर्णयाधार, म्हणजे वकिलांच्या बोलीत ‘रेशो’. बाकीचे प्रासंगिक उद्गार, ‘ऑबिटर’. तालुका कोर्टात वकील अशा जुन्या निकालाची खुणा केलेली झेरॉक्स न्यायाधीशांपुढे ठेवतो, एक प्रत समोरच्याला देतो. समोरचा वरिष्ठ न्यायालयाचे चुकले असे तिथे म्हणू शकत नाही. तो म्हणतो, ‘साहेब, त्यातली फॅक्ट्स वेगळी आहेत.’ कायद्याची बरीचशी घडण या ‘वेगळी आहेत’मधूनच होते.

रेशो आणि ऑबिटर यांच्यातली रेघ किती पुसट असते, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी’ (1951) या निर्णयात दिसते. हिंदूंना दुसरे लग्न करण्यास बंदी घालणारा मुंबई प्रांताचा 1946 चा कायदा घटनाबाह्य आहे, मुसलमानांना मुभा आणि आम्हालाच बंदी का, असा आक्षेप होता. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी वेगवेगळी निकालपत्रे लिहून कायदा वैध ठरवला. राज्य सुधारणा टप्प्याटप्प्याने करू शकते, असे त्यांनी म्हटले. ओघात आणखी एक मुद्दा आला : व्यक्तिगत कायदे, म्हणजे लग्न-वारशाचे धर्मागणिक नियम, मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत, कारण या हक्कांशी विसंगत कायदे रद्द ठरवणाऱ्या घटनेच्या कलम 13 मधील ‘कायदा’ या शब्दात ते येत नाहीत. पुढे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने तो प्रांतिक कायदा रद्द झाला. हे वाक्य मात्र टिकले. तिहेरी तलाकच्या 2017 च्या खटल्यातही त्याचा आधार घेतला गेला. 2018 च्या शबरीमला निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्यावर कडक टीका केली. ज्या पायावर ते उभे होते तो कायदा गेला, तरी वाक्याचे वजन कमी झाले नाही, हे विचित्रच म्हणायचे.

कायदा नसलेल्या जागी न्यायालयाने नियम घालून दिल्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘विशाखा’ खटला (1997). कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मार्गदर्शक तत्त्वे संसदेचा कायदा येईपर्यंत, म्हणजे 2013 पर्यंत चालली. मुंबईतल्या पदपथवासीयांच्या ‘ओल्गा टेलिस’ (1985) खटल्यात मुख्य न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी जगण्याच्या हक्कात उपजीविका आणली. बेकायदा झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकार मात्र कायम राहिला. गाजलेल्या निकालाचा हा भाग सहसा सांगितला जात नाही.

पूर्वनिर्णय कायमचा नसतो. आणीबाणीत, 1976 साली, बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही असे म्हणणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींत य. वि. चंद्रचूड होते, न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात. गोपनीयतेच्या हक्काच्या 2017 च्या निकालात नऊ जणांच्या पीठाने तो निर्णय मोडीत काढला. चौघांच्या वतीने लिहिलेले निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचे, म्हणजे मुलाचे. पुढच्याच वर्षी भारतीय दंड संहितेतले व्यभिचाराचे कलम 497 रद्द झाले, तेव्हा वडिलांचा 1985 चा आणखी एक निर्णय बाजूला पडला. त्या पीठातही मुलगा होता.