नंबर नेमका कोणत्या अंतराचा?

जळगावच्या सराफ बाजारात खडे बसवायचं काम करणारे ओळखीचे एक काका आहेत. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी चष्मा केला. दुकानात पेपर झकास वाचता आला, पैसे दिले, घरी आले. दुसऱ्या दिवशी कामाला बसले तर खडा धूसर. "माले जवयनं दिसत नही," म्हणत चष्मा परत घेऊन गेले. खोट चष्म्यात नव्हती. नंबर पेपरच्या अंतराचा काढला होता, त्यांच्या कामाच्या अंतराचा नव्हे.

गणित सोपं आहे. लांबचं नीट दिसणाऱ्या माणसाला जवळचं पाहायला किती जादा ताकद लागेल, ते 1 ला मीटरमधल्या अंतराने भागलं की डायॉप्टरमध्ये, म्हणजे चष्म्याच्या नंबरच्या मापात, कळतं. पेपर 40 सेंटिमीटरवर, म्हणजे 2.5. खडा 25 सेंटिमीटरवर, म्हणजे थेट 4. तरुणपणी डोळ्यातलं भिंग फुगून ही भर स्वतःच घालतं. वयानुसार ते ताठर होत जातं आणि चाळिशीच्या आसपास ही उणीव जाणवू लागते. मग कमी पडेल तेवढं चष्म्याने भरून काढायचं. म्हणून ऑप्टोमेट्रिस्टने, म्हणजे नंबर काढणाऱ्याने, विचारो न विचारो, आपण काय काम करतो आणि ते डोळ्यापासून किती लांब असतं, हे आपणच सांगावं. दोरीने मोजून नेलंत तर उत्तमच. जुना चष्माही सोबत असू द्या.

हनुवटी टेकवून फुग्याचं चित्र दाखवणारं यंत्र जो कागद छापतं, तो म्हणजे नंबर नव्हे, फक्त सुरुवात. लहान मुलं यंत्रात पाहताना डोळ्यांवर ताण देतात आणि मायनस नंबर फुगतो. म्हणूनच मुलांना हा ताण सैल करणारे थेंब घालून तपासतात. खरा नंबर ठरतो तो "हे बरं की ते?" या प्रश्नोत्तरांत. इथे आपली माणसं परीक्षेला बसल्यासारखी घाबरतात, पाठ केलेली अक्षरं धडाधड म्हणतात. "दोन्ही सारखंच" हेही उत्तर चालतं, बऱ्याचदा तेच हवं असतं. अर्धी लाल, अर्धी हिरवी अशी अक्षरांची पट्टी दाखवतात, तिच्यामागेही गंमत आहे: हिरवा प्रकाश लालपेक्षा थोडा अलीकडे एकवटतो. लालवरची अक्षरं जास्त ठळक दिसली तर मायनस थोडा वाढवायचा, हिरव्यावरची दिसली तर कमी करायचा.

शुगर असेल तर ती आधी सांगा. रक्तातली साखर वरखाली झाली की भिंगातलं पाण्याचं प्रमाण बदलतं आणि नंबरही हलतो. नवीन औषध नुकतंच सुरू झालं असेल तर काही आठवडे थांबलेलं बरं, नाहीतर महागाचा चष्मा महिनाभरात निरुपयोगी होतो.

आणखी एक. सत्तरीचे आजोबा अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचू लागले की घरात कौतुक होतं. पुष्कळदा तो मोतीबिंदू असतो: भिंगाचा गाभा घट्ट होत जातो, नंबर मायनसकडे सरकतो, जवळचं सुधारतं आणि लांबचं बिघडतं.

काचबिंदू त्याहून लबाड. तो बहुतेकदा दुखत नाही, आणि कडेची नजर खात असताना समोरच्या तक्त्यावरची 6/6 ची, म्हणजे चांगल्या नजरेची, ओळही वाचू देतो. नंबर ठीक निघाला म्हणजे डोळा ठीक, असं नाही. घरात आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर डोळ्याचा दाब आणि मागची नस डॉक्टरांकडून तपासून घ्या. ऑप्टोमेट्रिस्ट नजर तपासतो, संशय आला तर पुढे पाठवतो. औषध-शस्त्रक्रियेचं काम नेत्रतज्ज्ञाचं. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, विजेसारख्या चमका किंवा पडदा आल्यासारखं वाटलं, तर चष्म्याच्या दुकानात वेळ घालवू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. त्यात आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन. यावल-रावेरकडून मोटारसायकलवर येणार असाल तर कुणाला तरी मागे बसवून आणा, आणि परतताना हँडल त्याच्या हातात द्या.