पार्श्वभूमी : बिस्बी, तांब्याच्या खाणी आणि 1917 ची ‘तडीपारी’

टूसॉनहून आग्नेयेकडे दीडशे किलोमीटर गेलं की म्यूल डोंगरातला बोगदा लागतो. बोगद्यातून बाहेर पडताच दरीच्या दोन्ही उतारांना चिकटलेली रंगीबेरंगी घरं दिसू लागतात. ॲरिझोनाच्या कोरड्या मुलखातलं, पण जवळपास कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवरचं हे बिस्बी. कलाकारांचं गाव म्हणून त्याची ओळख आता पक्की झाली आहे. चित्रदालनं, जुन्या वस्तूंची दुकानं, रंगवलेल्या भिंती, घरांमधून चढत जाणारे लांबलचक जिने आणि खाणीची सफर एवढं एका दिवसात पाहून होतं. जुन्या गावापासून थोड्या अंतरावर, वॉरेन भागात, 1909 साली बांधलेलं बेसबॉलचं एक मैदान आहे. तिथे फार थोडे पाहुणे पोचतात. बिस्बी समजून घ्यायचं तर या मैदानापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं.

आधीचा काळ थोडक्यात. 1877 मध्ये सैन्याच्या एका तुकडीला या दरीत खनिजाच्या खुणा दिसल्या आणि 1880 मध्ये गाव वसलं. ज्याच्या नावावरून ते ओळखलं जातं, तो सॅन फ्रान्सिस्कोचा गुंतवणूकदार इथे कधी आलाच नाही. ज्या शोधकाचं नाव साऱ्या खाणपट्ट्याला मिळालं, त्यानं घोड्याशी पायी शर्यत लावली आणि खाणीतला आपला हिस्सा पैजेत घालवला. 1885 मध्ये शेजारशेजारच्या दोन कंपन्या एक झाल्या. पुढे गावातलं मोठं दुकान, इस्पितळ, वाचनालय, वर्तमानपत्र आणि तांबं वाहून नेणारी रेल्वे हे सगळं फेल्प्स डॉज या एकाच कंपनीच्या हातातलं झालं. भट्ट्यांसाठी डोंगरावरची झाडं तोडली गेली, मग दर पावसाळ्यात दरीतून लोंढे येऊ लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भट्ट्या डग्लसला हलल्या, तेव्हा कुठे गावावरचा गंधकाचा धूर हटला. 1908 च्या आगीत मुख्य रस्ता जळून गेला, तो वर्ष-दोन वर्षांत पुन्हा उभा राहिला. पर्यटकांना आज दिसणाऱ्या विटांच्या इमारती बऱ्याचशा त्या वेळच्या आहेत.

या समृद्धीत कोणाला किती वाटा मिळायचा, हे वंशावर ठरत होतं. बिस्बी ‘गोऱ्यांची छावणी’ म्हणवली जाई. मेक्सिकन मजुरांना जमिनीखालचं, चांगल्या मजुरीचं काम मिळत नसे, त्यांना वरची हमाली. चिनी भाजीवाल्यांनी दिवसा माल विकायचा आणि सूर्य मावळायच्या आत गाव सोडायचं. हा नियम कुठल्या कायद्यात नव्हता, पण तो सर्वांना ठाऊक होता आणि पाळला जात होता. पुढच्या घटनेकडे पाहताना हे ध्यानात ठेवायला हवं. गावात कोणी राहायचं हे ठरवायची सवय 1917 च्या आधीपासूनची होती.

1917 च्या एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली होती आणि तांब्याला मोठा भाव होता. जूनच्या अखेरीस एका जहाल कामगार संघटनेनं मागण्या पुढे केल्या. पाळी चालू असताना सुरुंग उडवू नयेत, भोकं पाडायच्या यंत्रावर एकाऐवजी दोन माणसं असावीत, शारीरिक तपासणीच्या नावाखाली माणसं गाळणं बंद व्हावं, तांब्याच्या भावाप्रमाणे वरखाली होणाऱ्या मजुरीऐवजी ठरावीक रोज मिळावा, मग तो खाणीतला मजूर असो की वरचा. आज वाचताना यात जहाल असं काहीच दिसत नाही. कंपन्यांनी मागण्या नाकारल्या, संप सुरू झाला. गावातल्या वजनदार लोकांनी त्याला युद्धकाळातला देशद्रोह ठरवलं. संपात दंगल किंवा मोडतोड झाल्याची नोंद मात्र नाही.

12 जुलैच्या पहाटे शेरीफनं, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखानं, तात्पुरते हवालदार म्हणून नेमलेले सुमारे दोन हजार सशस्त्र लोक दंडाला पांढरी पट्टी बांधून बाहेर पडले. बायका-मुलांनी आज रस्त्यावर येऊ नये, असं त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आधीच छापलेलं होतं. घराघरांतून, खाणावळींतून माणसं उठवली गेली. त्यांत संपकरी होते, त्यांच्याबद्दल सहानुभूती असलेले होते आणि संपाशी काही संबंध नसलेलेही होते. या धरपकडीत दोन माणसं मेली, एक पकडायला आलेल्यांपैकी आणि एक पकडल्या जाणाऱ्यांपैकी. बाकीच्यांना बंदुकांच्या पहाऱ्यात चालवत वॉरेनच्या त्याच मैदानावर नेण्यात आलं. संप सोडून कामावर यायला तयार असाल तर जा, असं तिथे सांगण्यात आलं, आणि शेकडो जण त्या अटीवर सुटले. उरलेल्या जवळजवळ बाराशे माणसांना गुरांच्या वाघिणींत भरलं गेलं. नेहमी धरला जाणारा आकडा 1,186 आहे. वाघिणींत शेण तसंच होतं. ऐन जुलैत ती गाडी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात गेली. कोलंबस गावानं तिला थारा दिला नाही, तेव्हा ती मागे फिरली आणि माणसांना हर्मानास नावाच्या ओसाड ठाण्यावर सोडून देण्यात आलं. पुढे सैन्यानं त्यांना कोलंबसच्या छावणीत आणलं. सप्टेंबरपर्यंत ते तिथेच होते.

या घटनेला इंग्रजीत ‘बिस्बी डिपोर्टेशन’ म्हणतात. मराठीत लिहिताना अडचण इथेच येते. सरळ भाषांतर ‘हद्दपारी’ होतं, आणि परक्या नागरिकाला देशाबाहेर काढण्यासाठी आपण तोच शब्द वापरतो. बिस्बीहून काढलेल्यांत बरेच जण परदेशात जन्मलेले होते, मेक्सिकन सर्वांत जास्त. पण त्यांत शेकडो अमेरिकी नागरिकही होते, आणि सैन्यभरतीसाठी नाव नोंदवलेलेही होते. शिवाय त्यांना नेलं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. देशाची सीमा गावापासून वीसएक किलोमीटरवर असताना ती कोणी ओलांडली नाही. तेव्हा ‘हद्दपारी’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात नकळत बसतं, की ते परके असणार. संपाच्या विरोधकांना लोकांची हीच समजूत व्हायला हवी होती.

‘तडीपारी’ हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो. तड म्हणजे काठ, काठापलीकडे घालवणं म्हणजे तडीपार करणं, आणि देशातल्या देशात जिल्ह्याबाहेर काढणं हाच त्याचा आपल्याकडचा रोजचा अर्थ. पण तोही पूर्ण बसत नाही. आपल्याकडे तडीपारी होते ती 1951 च्या पोलीस अधिनियमाखाली. आधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त असत नाही आणि आदेशावर अपील करता येतं. त्या कायद्यावर कितीही टीका केली तरी निदान आदेशाचा कागद असतो. बिस्बीत कागदच नव्हता. ना वॉरंट, ना न्यायाधीश, ना मुदत. शेरीफचं पद सरकारी होतं, एवढाच काय तो सरकारीपणा. म्हणून या टिपणाच्या मथळ्यात शब्द अवतरणात ठेवला आहे.

तिसरा शब्द ‘अपहरण’. पुढे खटले भरले गेले, ते याच आरोपाखाली. राष्ट्राध्यक्षांनी पाठवलेल्या आयोगानं 1917 च्या नोव्हेंबरमध्ये हे सगळं पूर्णपणे बेकायदा असल्याचं लिहून दिलं. केंद्राकडून आरोपपत्रं निघाली, त्यांत कंपनीचे वरिष्ठ अधिकारीही होते. पण 1920 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की खासगी व्यक्तींनी दुसऱ्यांना राज्याबाहेर नेलं, तर त्यांना शिक्षा करणं हे राज्याचं काम, केंद्राचं नव्हे. राज्याच्या न्यायालयात दोनशेहून अधिक जणांवर अपहरणाचा आरोप होता. त्यातल्या एकावर टूमस्टोनमध्ये 1920 साली खटला चालला. बचाव असा होता की गावावर मोठं संकट येऊ घातलं होतं आणि ते टाळण्यासाठी कायदा बाजूला ठेवणं भाग होतं. ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं, आणि मग बाकीचे खटलेही मिटले. शिक्षा एकालाही झाली नाही.

या युक्तिवादाबद्दल दुसरी बाजूही मांडायला हवी. त्या काळी बिस्बीतल्या अनेकांना खरोखर भीती वाटत होती. पश्चिमेतल्या इतर खाणींत रक्तपात झाला होता, सीमेपलीकडे मेक्सिकोत क्रांती चालू होती, आणि वर्षभरापूर्वीच कोलंबसवर सशस्त्र हल्ला झालेला होता. भीती खरी असू शकते. पण 12 जुलैनंतरही काही महिने गावाच्या वाटांवर पहारे बसले आणि आत यायला शेरीफचा परवाना लागायचा, हे त्या भीतीनं समजावता येत नाही. त्याआधी दोनच दिवस, 10 जुलैला, याच राज्यातल्या जेरोम या दुसऱ्या तांब्याच्या गावातून काही डझन कामगारांना असंच गाडीत घालून पाठवलं गेलं होतं. जेरोमही आज कलाकारांचं गाव आहे, हे जाता जाता नोंदवतो.

त्यानंतर बिस्बीत या विषयावर मौन पसरलं. एकाच घरातला एक भाऊ पांढऱ्या पट्टीचा आणि दुसरा वाघिणीतला, अशी उदाहरणं होती. जे राहिले त्यांची भाकरी कंपनीच्या हातात होती, आणि गेलेल्यांपैकी बहुतेक परतलेच नाहीत. 1935 मध्ये न्यायालयासमोर खाणकामगाराचा भव्य पुतळा उभारला गेला. तो आजही छायाचित्रांसाठी लोकप्रिय आहे. त्या न्यायालयात जिल्ह्याचा कारभार 1929 नंतर टूमस्टोनहून आला होता.

1950 च्या दशकात कंपनीनं उघडी खाण खोदायला घेतली. त्यात एक डोंगर गेला आणि लोवेल उपनगराचा मोठा भाग गेला. तिचं नाव लॅव्हेंडर. खडकांचे जांभळट-तांबूस थर पाहून पाहुण्यांना वाटतं की नाव रंगावरून आलं असेल, पण ते कंपनीच्या एका अधिकाऱ्याचं आडनाव आहे. रस्त्याच्या कडेला उभं राहून कुंपणातून ती खाण पाहता येते. सुमारे 275 मीटर खोल. त्यातून निघालेला निळा फिरोजा आता दागिन्यांच्या दुकानांत तांब्यापेक्षा महाग विकला जातो.

1974 मध्ये उघडी खाण थांबली, 1975 मध्ये जमिनीखालच्याही बंद झाल्या. तोवर या पट्ट्यातून सुमारे 800 कोटी पौंड, म्हणजे 36 लाख टन तांबं निघालं होतं. कामगार दुसऱ्या खाणींकडे गेले, घरं कवडीमोलानं निघाली. ती विकत घेणारे होते चित्रकार, कवी, कुंभारकाम करणारे आणि शहरं सोडून आलेले तरुण. त्यांना पाहून जुन्या खाणकामगारांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी घरंही विकली आणि छपरं कशी दुरुस्त करायची तेही शिकवलं. 1976 च्या फेब्रुवारीत बंद खाणीची सफर सुरू झाली. डोक्यावर टोपी, गळ्यात दिवा, पिवळा अंगरखा, आणि बुटक्या गाडीवर दोन्हीकडे पाय सोडून डोंगराच्या पोटात जायचं, जिथे बारा महिने आठ-नऊ अंश तापमान असतं. वाट दाखवायला तिथेच काम केलेले निवृत्त कामगार. त्यांच्या तोंडून सुरुंगाच्या भोकांचा क्रम ऐकणं हे त्या सफरीतलं खरं मोल. ती पिढी आता सरत आली आहे.

1905 ची जुनी शाळा पुढे कलाकारांच्या कार्यशाळांसाठी वापरात आली. 1930 च्या दशकात सरकारी रोजगार योजनेत बांधलेल्या जिन्यांवरून आता दरवर्षी ऑक्टोबरमध्ये हजारभर पायऱ्यांची शर्यत होते. जुन्या गावात घरोघरी टपाल जात नाही, उतार फारच उभे. पत्रं घ्यायला सगळे टपाल कचेरीत येतात आणि तिथेच गप्पा रंगतात.

1917 बद्दल उघडपणे बोलणं सुरू झालं ते याच काळात. कंपनी गावात नव्हती, आणि नव्यानं आलेल्यांचे आजोबा ना पट्टीवाले होते ना वाघिणीतले. कलाकारांच्या वस्तीनं गावाला काय दिलं असं विचारलं, तर मी चित्रांच्या आधी हे सांगेन. मात्र एकट्या त्यांना श्रेय देणं बरोबर नाही, जुन्या घरांतल्यांनीही पत्रं आणि आठवणी बाहेर काढल्या. 2017 मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा गावकऱ्यांनी ती पहाट पुन्हा उभी केली. काही जण आपल्याच पूर्वजांच्या भूमिकेत होते, पट्टी बांधून किंवा हात वर करून, आणि रांग चालत गेली ती वॉरेनच्या मैदानाकडेच.

भरभराटीच्या काळात या पट्ट्यात वीस हजारांहून जास्त लोक राहत. 2020 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 4,923 भरली. अलीकडच्या वर्षांत खाणीच्या नव्या मालकांनी शिसं आणि आर्सेनिक असलेली अंगणांतली माती काढून नवी माती भरून दिली. घरं आता कवडीमोल राहिलेली नाहीत, आणि बरीचशी पाहुण्यांना चार दिवसांच्या भाड्यानं दिली जातात. अशा भाड्यावर गावानं बंदी घालायचं ठरवलं तरी 2016 च्या राज्याच्या कायद्यामुळे ते त्याच्या हातात नाही.