पाटकऱ्याचा कागद आणि इंटरनेट

मौदा तालुक्यात पेंचच्या कालव्याला पाळी सुटली की पाटकऱ्याच्या हातात एक कागद असतो. कोणत्या चारीला किती दिवस, कोणाच्या बांधीत कधी पाणी, सारं त्यात लिहिलेलं. गेट उचलतो पाटकरी. पाळी ठरते कचेरीत, कारण धरणातला साठा आणि शेवटच्या गावाची मागणी तिथेच एकत्र दिसते.

कागदच नसता तर? प्रत्येक गेटवरच्या माणसाने शेजारच्याला विचारून आपलं आपण ठरवलं असतं. इंटरनेटचे राउटर, म्हणजे डेटाला वाट दाखवणारे डबे, बरेचसे असेच चालतात. डोकं आणि हात एकाच डब्यात. यात बळ आहे, एक डबा बंद पडला तर बाकीचे आपसात बोलून दुसरी वाट काढतात. पण नियम बदलायचा झाला की शेकडो डबे एकेक करून बदलत बसा.

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंगने ते डोकं डब्याबाहेर काढलं. त्याला कंट्रोलर म्हणतात, आणि तो म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. डब्याकडे, म्हणजे स्विचकडे, उरतो फक्त तक्ता: अमुक पत्त्याचं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) आलं की तिसऱ्या पोर्टातून सोड. तक्त्यात न बसणारं पॅकेट आलं, तर स्विच कंट्रोलरला विचारू शकतो. उत्तर तक्त्यात चढतं आणि मागून येणारी तसली पॅकेटं न विचारता जातात. कंट्रोलर बंद पडू नये म्हणून एकाहून जास्त ठेवतात.

कंट्रोलरने स्विचशी बोलायची एक सामाईक भाषा, ओपनफ्लो, स्टॅनफर्डच्या निक मॅकओन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मांडली. गूगलने 2013 मध्ये आपला अनुभव छापला. लांब पल्ल्याच्या लाइनी एरवी 30 ते 40 टक्केच भरतात. गूगलच्या डेटा सेंटरांना एकमेकांशी जोडणाऱ्या कित्येक लाइनी 100 टक्क्यांच्या जवळ चालत होत्या. कारण साधं आहे. सगळ्यांची मागणी एकाच ठिकाणी दिसली, की थांबू शकणारं काम थोडं मागे ठेवता येतं.

आमच्या गावाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मागे रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली आणि तीन दिवस एकही दाखला निघाला नाही. अशा वेळी कंट्रोलर डेटा दुसऱ्या वाटेने वळवतो, पण दुसरी वाट जमिनीत असावी लागते. आमच्याकडे एकच लाइन येते. 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये, म्हणजे गावोगावी फायबर नेणाऱ्या केंद्राच्या योजनेत, रिंगची तरतूद आहे, म्हणजे गावाला दोन्ही बाजूंनी जोडणी. ग्रामसभेत मी तिचीच मागणी लावून धरली आहे.