बे त्रिक सहा म्हणतेस, पण मोजतेस काय?

माझी भाची साडेसहा वर्षांची आहे आणि दोन, चार, सहा, आठ असं वीसपर्यंत धाडधाड म्हणून दाखवते, पाहुणे आले की तर नक्कीच. एकदा सहज तिच्यापुढे बारा चिंचोके ओतले आणि म्हटलं दोन-दोनने मोज बघू. तिने पहिल्या चिंचोक्यावर बोट ठेवलं, "दोन". दुसऱ्यावर, "चार". तिसऱ्यावर, "सहा". वीसनंतर जरा अडखळली पण शेवटच्या चिंचोक्यावर "चोवीस" म्हणून माझ्याकडे शाबासकीसाठी बघायला लागली.

आता यात हसण्यासारखं काही नाहीये, कारण तिने एक नियम अगदी इमानदारीत पाळला होता. मुलं मोजायला कशी शिकतात यावर रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये जे मांडलं त्यातलं पहिलं तत्त्व हेच, की एका वस्तूला एक शब्द, ना कमी ना जास्त. तीन-चार वर्षांचं मूल हे शिकायला महिनोन्‌महिने घेतं, एकच खडा दोनदा मोजतं, एखादा सोडून देतं, आणि मग कधीतरी ते डोक्यात पक्कं बसतं. आणि ते बसलं न बसलं तोच आपण येऊन सांगतो की आता दोन वस्तूंना मिळून एकच शब्द म्हण! म्हणजे टप्प्याने मोजणं ही नुसती पुढची पायरी नाही, आधी शिकलेली गोष्ट थोडी मोडायला लागते त्यात. दोघांचा गठ्ठा हीच आता एक वस्तू झाली, हे डोळ्याला दिसायला पाहिजे.

त्यासाठी आम्ही जे केलं ते अगदी साधं. एकेक चिंचोका सरकवायचा, पण "एक" कुजबुजत म्हणायचं आणि "दोन" मोठ्याने, "तीन" कुजबुजत, "चार" मोठ्याने. तिला ते भूताच्या गोष्टीसारखं वाटलं त्यामुळे तासभर चाललं. मग दोन चिंचोके एकाच ढकलीत सरकवायचे आणि कुजबुजायचं नुसतं मनात. तिसऱ्या दिवशी बारा चिंचोक्यांचे बाराच झाले.

दोनने आणि तीनने हे जमतं याला एक कारण आहे, तीन-चारपर्यंतच्या वस्तू आपल्याला न मोजता एका नजरेत कळतात, फाशावरचे ठिपके कळतात तसे. सात वस्तू तशा कळत नाहीत, त्या मोजाव्याच लागतात किंवा मनात चार आणि तीन अशा फोडाव्या लागतात. पाचचं काम सोपं होतं कारण पंजा कायम सोबत असतो, दहाला दोन्ही हात. त्यामुळे दोन, पाच, दहा आधी आणि सात-आठ नंतर, हा क्रम कुणी उगाच ठरवलेला नाहीये. आणि आपली जुनी माणसं तर वीसने मोजायची, गावाकडे "तीन इसा न धा" म्हटलं की सत्तर. शाळेचं तोंड न बघितलेली आजी विसाच्या उड्या मारत हिशोब करायची, हे टप्प्याने मोजणंच झालं की.

पण खरी अडचण पुढे येते. सातच्या आठ उड्या मारल्या तर कुठे पोचू? सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस... इथे मुलाला एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळायच्या असतात, आत्ता कुठे आहे ते आणि कितवी उडी आहे ते, आणि बहुतेक मुलं दुसरी गोष्ट विसरतात, पस्तीसवर पोचल्यावर चेहरा कोरा होतो. म्हणून ती बोटं दुमडतात. दुमडू द्यावीत, बोटं म्हणजे उड्यांचा काउंटर आहे तो, त्यावरून ओरडणारे लोक मला कळलेलेच नाहीत.

आणि इथे आपल्या पाढ्याची एक गंमत मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. एके, दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक, साते, आठे, नवे, दाहे. आकड्यांची नावं एक, दोन, तीन आणि उड्यांची नावं वेगळी! "सात चोक अठ्ठावीस" म्हणजे सातची उडी, चौथी उडी, आणि आत्ता अठ्ठावीसवर, अख्खा हिशोब एका ओळीत. नुसतं सात-चौदा-एकवीस म्हणताना जो काउंटर हरवतो तो इथे शब्दातच बांधलाय. इंग्रजी मीडियमची पोरं "सेव्हन फोर जा ट्वेंटी एट" म्हणतात, तो जा कुठून आला आणि कुठे जातो त्यांनाही माहीत नसतं, आणि सेव्हन फोर की फोर सेव्हन, उडी कुठली आणि मोजणी कुठली हे कानाला कळत नाही. माझं मत आहे हां हे, कुणी प्रयोग केलाय म्हणून सांगत नाहीये.

मग पाढा पाठ केला की झालं का? तर नाही. स्तानिस्लास देहान आणि लोरां कोएन या फ्रेंच संशोधकांनी १९९७ मध्ये मेंदूला इजा झालेल्या दोन रुग्णांबद्दल लिहिलं होतं. एकाची पाठांतरातली माहिती बिघडली होती, पाढेसुद्धा त्यातच आले, पण कुठली संख्या किती मोठी याची समज शाबूत होती. दुसऱ्याचं बरोबर उलटं. म्हणजे पाढ्याचं गाणं आणि "किती"ची समज मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालतात, आणि एक आली म्हणून दुसरी आपोआप येत नाही. भाचीचं दोन-चार-सहा हे पहिल्या वाटेवरचं होतं आणि चिंचोके दुसऱ्या.

आपल्या भाषेतले आकडे पण थोडा त्रास देतात हे मान्य करायला पाहिजे. नऊने मोजताना सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस, चोपन्न, त्रेसष्ट, प्रत्येक वेळी एकक आधी बोलायचं आणि लिहिताना दशक आधी, त्यात एकोणसाठ-एकोणसत्तरचा घोळ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना किती ऐकून घ्यावं लागलं. पण टप्प्याने मोजणाऱ्या मुलासमोर बसून बघा, पंचेचाळीसनंतर नऊ पुढे जाताना ते आकड्यात नाही, शब्दात अडकतं. म्हणून आम्ही तोंडाने म्हणणं आणि शंभरच्या तक्त्यावर बोट फिरवणं दोन्ही बरोबर करतो, तक्त्यावर नऊचे आकडे तिरके उतरताना दिसले की तिलाच पुढचं घर सांगता येतं.

पॅटर्नवरून आठवलं, कागदावर एक गोल काढा, त्यावर ० ते ९ ठिपके घड्याळासारखे मांडा आणि तीनच्या पाढ्याचे फक्त एककाचे अंक रेघेने जोडत जा, ०, ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७ आणि परत ०. दहा टोकांची चांदणी येते. आता सातचं करा. तीच चांदणी! फक्त उलट्या दिशेने, कारण सात पुढे जाणं आणि तीन मागे येणं एककाच्या अंकाला सारखंच. चारची आणि सहाची पाच टोकांची चांदणी, दोन आणि आठचा पंचकोन, पाचची नुसती एक रेघ. पहिल्यांदा काढलं तेव्हा मीच चार वेळा तपासून बघितलं.

मात्र उड्यांवरच कायम राहिलं तर सात आठेला दरवेळी सातपासून निघावं लागतं, ते फार लांब पडतं. त्यापेक्षा मधले थांबे पक्के करावेत, सात पंचे पस्तीस येतं ना, मग तिथून अजून तीन उड्या. किंवा सात चोक अठ्ठावीस, त्याची दुप्पट छप्पन्न. आणि एक गोष्ट उड्यांमधून दिसतच नाही, ती म्हणजे पाचच्या सहा उड्या आणि सहाच्या पाच उड्या एकाच ठिकाणी का पोचतात. त्याला ओळी-रांगा लागतात, लादी पाव चालतो, अंड्यांचा ट्रे उत्तम.

परवा भाचीने ट्रे पुढ्यात ओढून पाच-पाचने मोजला, तीस. मी ट्रे आडवा फिरवला. तिने सहा, बारा, अठरा करत परत तीसवर येऊन माझ्याकडे संशयाने बघितलं, ट्रे उचलून खाली काही लपवलंय का ते पाहिलं, आणि तिसऱ्यांदा एक-एक करून मोजायला बसली.