शरद ऋतूतील ख्रिस्ती उपकारस्मरण व मृतस्मरण (ठाणे परिसर)

ठाणे व नवी मुंबईतील ख्रिस्ती समाज सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये नव्या पिकाबद्दल उपकारस्मरण आणि मृतांसाठी प्रार्थना करतो. दोन्ही प्रथांचे उगम वेगळे. साष्टीत, म्हणजे ठाणे ज्यावर आहे त्या बेटावर, त्यांना जवळ आणले ते भातशेतीने.

ईस्ट इंडियन कॅथलिकांचा, म्हणजे मुंबई-ठाणे परिसरातील मूळच्या कॅथलिकांचा, ‘आगेरा’ हा पिकाचा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो. हळवे भात तेव्हा तयार झालेले असते. लोंब्यांच्या जुड्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात आणि धर्मगुरूंनी आशीर्वाद दिल्यावर घरी नेतात. साष्टी १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर ख्रिस्ती झालेल्या शेतकरी कुटुंबांनी नवान्नाची जुनी रीत या रूपात राखली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते; आश्विन पौर्णिमेचे नवान्नही याच सुमारास येते. नवी मुंबईतील मंगळुरी कॅथलिक ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, नव्या भाताचे दाणे दुधात किंवा नारळाच्या रसात घालून सहकुटुंब घेतात.

मृतांचा दिवस २ नोव्हेंबरला येतो. त्याचे श्रेय फ्रान्समधील क्लूनी मठाचा मठाधिपती ओडिलो (कार्यकाळ ९९४–१०४९) याला दिले जाते. परंपरेने ९९८ हे साल सांगतात. मात्र त्याचा उपलब्ध आदेश १०३० च्या आसपासचा मानणे अधिक सुरक्षित. मृतांसाठी वार्षिक प्रार्थनेची चाल त्याहून जुनी आहे. स्पेनमधील सेव्हिलचा बिशप इसिदोर याने सातव्या शतकातच पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीचा सण) नंतरचा सोमवार त्यासाठी सांगितला होता. आदल्या दिवशीच्या सर्व संतांच्या सणाबद्दल वाद अधिक आहे. रोममध्ये तो १३ मेला होता. १ नोव्हेंबर ही तारीख आयर्लंडच्या साविन (Samhain) या ख्रिस्तीपूर्व सणावरून आली, असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. परंतु इ. स. ८०० च्या सुमाराच्या आयरिश पंचांगात सर्व संतांचा सण एप्रिलमध्ये दिसतो. त्यामुळे तारीख इंग्लंड व फ्रँक राज्यात रुजली, हाच पक्ष बळकट ठरतो. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४८ मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या मुलखांत मृतांच्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) अर्पण करण्याची मुभा दिली. ठाणे त्याआधीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी घेतले होते, म्हणजे ते तेव्हा पोर्तुगीज मुलूख राहिले नव्हते. ही मुभा सर्वत्र लागू झाली ती पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये.

तारीख बाहेरून आली असली तरी इथल्या हवामानाला ती चपखल बसते. पावसाळाभर माजलेले गवत ऑक्टोबरअखेर उपटतात, कबरींना चुना देतात, क्रूसावरची पुसट नावे काळ्या रंगाने पुन्हा लिहितात. संध्याकाळी मिस्सा झाल्यावर धर्मगुरू रांगांमधून पवित्र पाणी शिंपडत जातात. झेंडूच्या माळा व मेणबत्त्या बहुतेक कबरींवर असतात, आणि ज्यांचे कोणी उरले नाही त्यांच्या कबरींवरही शेजारची कुटुंबे एखादी लावतात. या प्रथेतील ही फार मोलाची गोष्ट होय.

एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात मारल्या गेलेल्या तोमाझो द तोलेंतिनो व फ्रान्सिस्कन संघाच्या इतर तीन धर्मबंधूंचे स्मरण या काळात होत नाही, ते एप्रिलमधले.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा कापणीचा सण आजच्या स्वरूपात इंग्लंडमध्ये १८४३ पासून रूढ झाला. तिथले कृषिहंगाम वेगळे असले तरी त्यातील उपकारस्तुती मराठी मंडळ्यांनी आपलीशी केली. नवी मुंबईतील सीरो-मलबार (केरळच्या पौर्वात्य परंपरेच्या) कॅथलिकांच्या स्वतःच्या पंचांगात मृतांचा दिवस ईस्टरपूर्व उपवासकाळाआधीच्या शुक्रवारी येतो. लॅटिन (रोमन) परंपरेच्या प्रभावामुळे २ नोव्हेंबरही पाळला जातो.