नालाकृती मूत्रपिंडातील कर्करोगाची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

दोन्ही मूत्रपिंडे जन्मतःच, बहुधा खालच्या टोकांशी, जोडलेली राहून घोड्याच्या नालेसारखा आकार घेतात तेव्हा त्यांना नालाकृती मूत्रपिंड म्हणतात. साधारण ४०० ते ६०० व्यक्तींमागे एकीत ही रचना आढळते. गर्भावस्थेत मूत्रपिंडे ओटीपोटातून वर सरकत असताना त्यांना जोडणारा पट्टा आतड्याच्या खालच्या धमनीपाशी अडतो. म्हणून ती खालीच राहतात, पुरेशी वळत नाहीत आणि मूत्रवाहिन्या पट्ट्याच्या पुढून उतरतात. बहुतेकांना हे आयुष्यभर कळतही नाही. मूतखड्याच्या कळेसाठी सोनोग्राफी करावी आणि त्यात नालही दिसावी, गाठही दिसावी, असे घडते. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगाचा धोका या रचनेमुळे वाढत नाही; विल्म्स गाठ, म्हणजे लहान मुलांत होणारा मूत्रपिंडाचा कर्करोग, मात्र अशा मूत्रपिंडात अधिक आढळते.

मूत्रपिंड दुर्बिणीतून काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये अमेरिकेत राल्फ क्लेमन यांनी केली. कोल्हापूर परिसरात ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून लहान छिद्रांतून दुर्बीण व अवजारे आत घालतात.

नालाकृती मूत्रपिंडात खरी कसोटी रक्तवाहिन्यांची असते. नेहमीच्या जागी एकच धमनी सापडेल याची येथे खात्री नसते. महाधमनीतून, कटिप्रदेशातील धमन्यांतून, कधी थेट पट्ट्यातही शाखा येतात आणि त्यांतील एखादी नजरेतून सुटली तर भयंकर रक्तस्राव होतो. म्हणून धमन्यांचा त्रिमितीय सीटी स्कॅन केल्याशिवाय या शस्त्रक्रियेला हात घालू नये, असे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

गाठ लहान व कडेला असल्यास तेवढाच भाग काढतात, मोठी असल्यास त्या बाजूचे अर्धे मूत्रपिंड काढावे लागते. त्या बाजूच्या धमन्या बंद केल्या की तेथील पेशीजाल काळपट पडते, दुसरी बाजू लालसर राहते आणि मधली सीमारेषा पडद्यावर स्पष्ट उमटते. तिच्या आधारे महाधमनीवर आडवा पसरलेला पट्टा स्टेपलरने किंवा चिमट्यात धरून कापतात. पातळ, तंतुमय पट्टा सहज सुटतो, पण जाड व मूत्रपिंडाच्याच पेशींचा असेल तर कापलेली कड टाके घालून बंद करावी लागते, अन्यथा तेथून रक्त किंवा लघवी झिरपते. काढलेला भाग पिशवीत घालूनच बाहेर घेतात, जेणेकरून कर्कपेशी पोटात सांडू नयेत. रक्तस्राव आटोक्यात येत नसेल तर पोट उघडणे हाच योग्य निर्णय असतो.

अर्धे मूत्रपिंड काढल्यावर उरलेल्या अर्ध्यावरच सारी भिस्त असल्याने रक्तातील क्रिएटिनिनची (मूत्रपिंड किती काम करते हे दाखवणाऱ्या घटकाची) तपासणी व ठरावीक काळाने स्कॅन अनेक वर्षे चालू ठेवतात.