प्रकाशनसूची आणि सायटेशन-प्रभाव (जैविक मनोविकारशास्त्र)

संशोधकाने किती शोधलेख प्रसिद्ध केले आणि पुढच्या लेखांनी त्यांचा किती वेळा हवाला (सायटेशन) दिला, याचा हिशेब. मनोविकारांचा मेंदूतली रसायने, जनुके आणि मेंदूची स्कॅन यांच्या अंगाने अभ्यास करणाऱ्या जैविक मनोविकारशास्त्रात हा हिशेब नेमणूक, बढती आणि अनुदान अशा तिन्ही वेळी मागितला जातो. कोकणातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही तो बढतीच्या अर्जासोबत येतो, आणि अर्ज भरतानाच अनेक चुका होतात.

सर्वांत चलनी आकडा एच-निर्देशांकाचा. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो 2005 साली मांडला. लेख सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त असतात, तो एच. समजा आठ लेखांना 41, 22, 9, 7, 5, 4, 2 आणि 0 सायटेशन आहेत. पाचव्याला 5 आहेत, सहाव्याला 4 च. म्हणून एच 5. एकूण बेरीज 90, पण त्यातली 63 पहिल्या दोन लेखांचीच. इम्पॅक्ट फॅक्टर मात्र नियतकालिकाचा असतो, माणसाचा नव्हे: मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. अर्जात दोन्हींची सरमिसळ सर्रास आढळते.

मोजणीआधी नाव निस्तरावे लागते. ‘सावंत’ रोमन लिपीत डब्ल्यूने लिहिले की व्हीने, यावरून एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. उलट आडनाव आणि एकच आद्याक्षर घेतले तर कोकणातले कितीतरी सावंत एका नोंदीत कोंबले जातात. लग्नानंतर आडनाव बदलले की आधीचे लेख मागे राहतात. प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र, 16 अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक यासाठीच असतो. तो पहिल्या लेखापासून द्यावा. गुगल स्कॉलर हे शोधयंत्र प्रबंध आणि प्रीप्रिंटही (समीक्षेआधीच खुले केलेले लेख) धरत असल्याने त्याचा आकडा सहसा स्कोपस या लेखसूचीपेक्षा मोठा येतो. म्हणून आकड्याशेजारी स्रोत आणि पाहिल्याची तारीख हवी.

लेखकांचा क्रम तितकाच बोलका. या क्षेत्रात पहिले नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे, शेवटचे मार्गदर्शकाचे. स्किझोफ्रेनियाशी निगडित 108 जनुकीय जागा दाखवणाऱ्या 2014 च्या लेखात शेकडो सहलेखक होते. असा एक लेख मधल्या नावानेही एकूण सायटेशन फुगवतो. तो वगळून दुसरा हिशेब मांडलेला बरा. रुग्ण कोकणातले आणि तपासणी मोठ्या शहरात, अशा अभ्यासात स्थानिक डॉक्टरचे नाव मध्ये येते किंवा आभारात जाते. क्रम नमुने पाठवण्याआधीच लेखी ठरवावा. रक्तातल्या घटकांच्या अभ्यासासाठी प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बहुधा उणे 80 अंश सेल्सिअसला साठवतात. पावसाळ्यात वीज गेली, जनरेटर चालला नाही आणि नमुने वितळून पुन्हा गोठले, तर काही मोजमापे बिघडतात आणि लेख समीक्षेत अडकतो.

लेख कुठे छापला यावरही बरेच ठरते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या जंगलात, कोकणातही, आढळणाऱ्या सर्पगंधेचा वेड आणि रक्तदाब यांवरचा उपयोग गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 साली भारतीय नियतकालिकात मांडला. पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष वेधले ते मुंबईच्या रुस्तम वकील यांच्या रक्तदाबावरच्या 1949 च्या लेखाने. तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला होता. 1952 साली सर्पगंधेच्या मुळीतून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे झाले. अर्विद कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन निश्चल केलेले ससे एल-डोपाने (शरीरात ज्यापासून डोपामिन बनते त्या द्रव्याने) पुन्हा हलते केले; डोपामिन या मेंदूतल्या रसायनावरच्या कामासाठी त्यांना 2000 चे नोबेल मिळाले. पुढचे लेखक नव्या लेखाचाच हवाला देतात, आणि मुळाचे श्रेय मागे पडते.

सायटेशन जास्त म्हणजे निष्कर्ष टिकला, असेही नाही. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या वाहकाचे जनुक, ताण आणि नैराश्य यांचा संबंध सांगणारा 2003 चा लेख भरपूर उद्धृत झाला. 2019 साली नैराश्याच्या 18 बहुचर्चित जनुकांची फार मोठ्या नमुन्यांवर तपासणी झाली. सेरोटोनिन वाहकाचे जनुकही त्यांत होते, आणि आधार मिळाला नाही. जुन्या लेखाचा आकडा तरीही वाढतो, कारण त्याला खोडून काढणारा लेखही त्याचाच हवाला देतो आणि मोजणारे यंत्र दोन्ही सारखेच धरते.